सिस्टर, रिपोर्ट काय म्हणतोय?

फंक्शनल मेडिसिन हा सध्याचा एकदम 'इन' फंडा. पण ऐंशी-नव्वद टेस्ट्सच्या त्या चकचकीत पॅकेजमध्ये सगळ्यात जोखमीचं काम करणारी व्यक्ती ना ब्रोशरवर दिसते, ना होर्डिंगवर. ती असते हातात सुई घेऊन आपल्यासमोर उभी!

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पूर्वी दोनच विषय असायचे. अप्रेझल आणि बॉस. आता त्यात तिसरा ॲड झालाय, तो म्हणजे रिपोर्ट्स! 'तुझं व्हिटॅमिन डी किती?' 'नऊ.' 'हॅ, माझं सात!' जणू काही दहावीच्या मार्कांची तुलना चाललीये. फरक इतकाच, की इथे कमी मार्क मिळवणारा जास्त भाव खाऊन जातो. पंचविशीतिशीतली, धडधाकट दिसणारी, वीकेंडला सिंहगड चढून पिठलं-भाकरी हाणणारी ही मंडळी आणि त्यांच्या मोबाइलमध्ये ट्रेकच्या फोटोंशेजारी होमोसिस्टीनची पीडीएफ!

त्याचं कारणही तसंच आहे. सतत थकवा, गळणारे केस, बिघडलेलं पोट, उडालेली झोप अशा तक्रारी घेऊन गेलं की नेहमीचे डॉक्टर चार मिनिटांत 'स्ट्रेस आहे, कमी करा' सांगून मोकळे होतात. (कमी कसा करायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.) मग कुणीतरी सांगतं, 'अगं, फंक्शनल मेडिसिनवाल्याकडे जा. तो तासभर बोलतो!'

फंक्शनल मेडिसिन म्हणजे काय रे भाऊ?

ही मूळची अमेरिकन चीज. जेफ्री ब्लँड नावाच्या बायोकेमिस्टने १९९१ मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर फंक्शनल मेडिसिन' ही संस्था सुरू केली. कल्पना ऐकायला झकास आहे. आजाराला नाव देऊन गोळी लिहून देण्याऐवजी तो मुळात झाला कशामुळे ते शोधायचं. खाणं, झोप, ताण, पोट, हॉर्मोन्स सगळं एकत्र बघायचं. २०१४ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकसारख्या बड्या हॉस्पिटलने यासाठी वेगळं सेंटर उघडलं आणि या मंडळींचा भाव वधारला. गंमत म्हणजे त्याच वर्षी अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने फंक्शनल मेडिसिनच्या कोर्सेसना शिक्षणाचे क्रेडिट्स देणं थांबवलं. आक्षेप पुराव्यांबद्दल होता. २०१८ मध्ये क्रेडिट्स पुन्हा सुरू झाले, पण अटी घालून. मेडिकल स्पेशालिटींच्या तिथल्या अधिकृत यादीत हा विषय आजही नाही आणि आपल्याकडेही नाही.

माझं मत विचाराल तर, तासभर ऐकून घेणारा डॉक्टर मिळणं ही फारच भारी गोष्ट आहे. टेस्ट्सच्या लांबलचक याद्यांबद्दल मात्र मी तितकीशी फिदा नाही. का, ते पुढे येईलच.

आता आपल्या हिरॉइनकडे वळू. त्या बाणेरमधल्या अशाच एका क्लिनिकमध्ये काम करतात. स्वतःचं आणि क्लिनिकचं नाव छापायचं नाही या अटीवर त्या बोलल्या, म्हणून इथे त्यांना नुसतं सिस्टर म्हणूया. मिरजेत नर्सिंग शिकलेल्या, पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत अकरा वर्षं काढलेल्या. नाइट ड्युट्यांनी पाठ गेली म्हणून इकडे आल्या. कार्डावर पदाचं नाव आहे 'वेलनेस कोऑर्डिनेटर'. "नर्स म्हटलं की लोकांना आजार आठवतो म्हणे. मग कोऑर्डिनेटर!" सिस्टर हसत सांगतात.

'तुमचं काम म्हणजे रक्त काढायचं ना?' असं मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जे काही बघितलं, ते कॅमेऱ्यात पकडायला हवं होतं.

"अगं, शीर शोधून रक्त काढणं चार दिवसांत शिकवीन तुला. त्याच्या आधीची दहा मिनिटं महत्त्वाची असतात. ती चुकली की पुढे मशीन कितीही कोटींचं असू दे, उत्तर चुकीचंच येणार."

हा आयसीयूचा तोरा नव्हे बरं का! इटलीतल्या पादुआमध्ये मारिओ प्लेबानी आणि पाओलो कॅरारो या दोघांनी १९९७ मध्ये लॅबच्या चुकांचा हिशेब मांडला, तेव्हा ६८.२ टक्के चुका नमुना मशीनमध्ये जायच्या आधीच्या निघाल्या. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी तोच हिशेब पुन्हा केला. तेव्हाचा आकडा ६१.९ टक्के. चुकीची नळी, चुकीचं नाव, गोठलेलं रक्त, अपुरं रक्त... म्हणजे गोंधळ होतो तो बहुतेक वेळा मशीनमध्ये नव्हे, तर पेशंटची खुर्ची आणि मशीन यांच्या मधल्या वाटेवर. आणि ती वाट जाते सिस्टरांच्या टेबलावरून.

केसांची गोळी आणि थायरॉइडचा घोळ

माझ्या एका मैत्रिणीचा किस्सा ऐका. वय २९, हिंजवडीत नोकरी, केस मुठीने गळत होते. एका ॲपवरून घरी माणूस बोलावून तिने थायरॉइड तपासलं. रिपोर्ट बघून बाईसाहेबांची झोपच उडाली. टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी-फोर चांगलंच वर. म्हणजे पुस्तकाप्रमाणे थायरॉइड ग्रंथी सुसाट सुटलेली! घरी रडारड. आईने उपास धरला. एका ओळखीच्या डॉक्टरांनी फोनवरच गोळ्या सुरू करायची तयारी दाखवली. त्याच आठवड्यात तिची या क्लिनिकची अपॉइंटमेंट होती, म्हणून ती रिपोर्ट घेऊन तिथे गेली.

सिस्टरांनी आधी नाडी बघितली. ७२. हात पुढे करायला सांगितले. बोटं थरथरत नव्हती. वजन उतरलं नव्हतं, उलट दोन किलो चढलं होतं. "कुठल्या गोळ्या चालू आहेत का, ताई?" "नाही हो, काहीच नाही." मग पुढचा प्रश्न, "केसांसाठी काही घेता का?"

"हो, ते बायोटिन घेते ना. पण ते तर व्हिटॅमिन आहे!"

इथे सगळा घोळ उलगडला. बायोटिनची आपली रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळीत ते असतं ५ किंवा १० मिलिग्रॅम, म्हणजे दीडशेपटीहून जास्त, कधी कधी तर तीनशेपटीहूनही. आता या रसायनाची लॅबशी काय दुश्मनी? तर हॉर्मोन मोजणाऱ्या अनेक टेस्ट्समध्ये बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन यांची जोडी डिंकासारखी वापरलेली असते. आपल्या रक्तात बायोटिनचा पूर आला की तो डिंक भलतीकडेच चिकटतो. मग टीएसएच खोटं-खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं-खोटं जास्त. हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र! अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हार्ट ॲटॅक ओळखणारी ट्रोपोनिन टेस्ट बायोटिनमुळे खोटी कमी आल्यानंतर एका पेशंटचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात आहे. काही कंपन्यांनी नंतर आपल्या टेस्ट्स सुधारल्या, पण आपली लॅब कुठलं किट वापरते हे आपल्याला थोडंच माहीत असतं?

थायरॉइड तपासायच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद करा, असं अमेरिकन थायरॉइड असोसिएशन सांगते. सिस्टरांनी डॉक्टरांशी बोलून मैत्रिणीला पूर्ण आठवडा थांबायला लावलं. दुसरा रिपोर्ट नॉर्मल. एकदम नॉर्मल! थायरॉइडच नसताना थायरॉइड दाबायच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर काय झालं असतं? विचारही नको.

"लोकांच्या लेखी सप्लिमेंट म्हणजे गोळी नाहीच," सिस्टर म्हणतात. "म्हणून मी गोळी हा शब्दच वापरत नाही. डबा आणा म्हणते. घरात जेवढे डबे, बाटल्या, सॅशे असतील ते सगळे पिशवीत घालून आणा."

त्यांच्या प्रश्नांची यादी ऐकाल तर इन्कम टॅक्सची धाड पडलीये असं वाटेल. रात्री किती वाजता जेवलात? सकाळी 'फक्त अर्धा कप' चहा झालाय का? काल जिममध्ये लेग डे होता का? (जबरी व्यायामानंतर स्नायूंमधली एन्झाइम्स वाढतात आणि लिव्हरचे आकडे बिघडल्यासारखे दिसतात.) गेल्या पंधरवड्यात ताप येऊन गेला का? आला असेल तर फेरिटिन फुगलेलं दिसतं आणि अंगात लोह कमी असूनही झाकलं जातं. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? त्यांनी रक्तातलं एकूण कॉर्टिसोल आणि एकूण टी-फोर वाढतं. हा प्रश्न मात्र त्या सासूबाई शेजारी बसल्या असतील तर विचारत नाहीत. आधी वजन करायच्या निमित्ताने सुनेला आत नेतात!

जांभळी आधी की पिवळी?

रक्त काढतानाचं शास्त्र तर याहून भारी. त्या रंगीत झाकणांच्या नळ्या आपण बघतो ना, त्यांचा क्रम ठरलेला असतो. निळी आधी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. का? तर जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं आणि ते बहुतेक पोटॅशियमचं मीठ. त्याचा अंश जरी पुढच्या पिवळ्या नळीत गेला, तरी पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम खोटं घटतं. दंडाला बांधलेला पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. 'मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा' असं पूर्वी सर्रास सांगायचे, तेही करायचं नाही, त्यानेही पोटॅशियम चढतं. आणि नळीवर नाव लिहायचं ते पेशंटसमोर, त्याच्याच तोंडून पूर्ण नाव आणि जन्मतारीख वदवून घेऊन. "एका सकाळी तीन कुलकर्णी येतात इथे," सिस्टर सांगतात. पुण्यात हे पटायला वेळ लागत नाही!

फंक्शनल मेडिसिनवाल्यांची लाडकी टेस्ट म्हणजे होमोसिस्टीन. ती काढताना तर घड्याळच लावावं लागतं. रक्त नळीत नुसतं ठेवलं तरी लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढत जातो. नळी लगेच बर्फात ठेवायची किंवा तासाभरात सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची. आता विचार करा, तुमच्या घरून नमुना नेणारा मुलगा आणखी चार घरं करून, चांदणी चौकातलं ट्रॅफिक काढत लॅबला पोचतो तेव्हा काय होत असेल?

पण म्हणून ही टेस्टच फालतू आहे असं मुळीच नाही हं. उलट पुण्याचं आणि तिचं नातं जुनं आहे. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ निरोगी पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के जणांचं बी-ट्वेल्व्ह कमी होतं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन वाढलेलं. शाकाहारी ताटाचा त्यात मोठा हात. तेव्हा कॅन्टीनमध्ये बी-ट्वेल्व्हबद्दल जे बोललं जातं ते अगदीच हवेतलं नाही. नळी बर्फात होती की नाही, एवढं फक्त विचारा.

थुंकीच्या चार नळ्या

कॉर्टिसोलची गोष्ट आणखी मजेदार. दिवसातून चार वेळा छोट्या नळीत थुंकी गोळा करायची. उठल्यावर अर्ध्या तासात, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. हे काम घरी आपल्यालाच करायचं असतं, त्यामुळे सिस्टरांचं काम इथे शिकवणीचं. आधी खायचं नाही, सिगारेट नाही, दात घासायचे नाहीत, कारण हिरडीतून आलेलं रक्ताचं टिपूसही आकडा बिघडवतं.

"आणि तुमची ती आयटीची पोरं!" सिस्टर कपाळाला हात लावतात. "अमेरिकेच्या वेळेत काम करून पहाटे चारला झोपतात, दुपारी बाराला उठतात. नळीवर 'सकाळ' असं छापलंय म्हणून आठचा गजर लावून उठतात, थुंकतात आणि परत झोपतात. त्या आकड्याला काय अर्थ?" म्हणून त्या छापील लेबलवर काट मारून पेनाने प्रत्यक्ष वेळ लिहायला लावतात. शिवाय 'नाइट शिफ्ट' अशी टीप वर.

या टेस्टवरून हमखास निघणारं निदान म्हणजे 'ॲड्रिनल फटीग', म्हणजे ताणाने दमलेली ॲड्रिनल ग्रंथी. ऐकायला किती बरं वाटतं ना? माझी ग्रंथी दमलीये, मी आळशी नाही! पण एंडोक्राइन सोसायटी हा आजार मानत नाही. २०१६ मध्ये दोन ब्राझिलियन डॉक्टरांनी या विषयावरचे अभ्यास चाळून काढले, त्यांनाही त्याला आधार सापडला नाही. रात्री उशिराचं थुंकीतलं कॉर्टिसोल खरंच उपयोगी पडतं ते कुशिंग्ज नावाच्या दुर्मीळ आजारात.

आणखी एक महागडा लाडोबा म्हणजे आयजीजी फूड टेस्ट. रक्ताच्या एका नमुन्यावरून तुम्हाला गहू 'चालत नाही', दूध 'चालत नाही', शेंगदाणे 'चालत नाहीत' अशी लालभडक यादी हातात येते. आयजीजी अँटिबॉडी म्हणजे शरीराने तो पदार्थ ओळखला, बस इतकंच. जे आपण रोज खातो त्याचंच आयजीजी जास्त दिसणार! युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांनी २००८ मध्ये आणि कॅनडातल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये 'ही टेस्ट करू नका' असं स्पष्ट सांगितलं. मी हे सिस्टरांना विचारलं तेव्हा त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरांनी लिहिलं की मी काढते. पण पेशंटने विचारलं, सिस्टर, मी खरंच पोळी सोडू का, तर मी सांगते, आधी आहारतज्ज्ञांशी बोला, एकदम काही सोडू नका. तेवढं मला सांगता येतं."

त्यांची अडचण नेमकी इथेच आहे. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर नावाचा वरचा दर्जा असतो. त्या स्वतः टेस्ट लिहू शकतात, अनेक राज्यांत डॉक्टरच्या देखरेखीविना औषधंही देतात. आपल्याकडे हे अजून बाळसंही धरत नाहीये. सिस्टर रिपोर्ट वाचू शकतात, निदान करू शकत नाहीत. निदान चुकतंय असं वाटलं तरी पेशंटसमोर तसं म्हणू शकत नाहीत. त्यात मध्यंतरी क्लिनिकने 'कोऑर्डिनेटर्स'ना पॅकेज अपग्रेडवर इन्सेंटिव्ह जाहीर केला. दोघींनी घेतला. यांनी नाही घेतला. "सुई टोचणाऱ्याने विकायचं नाही," एवढंच म्हणून त्यांनी विषय बदलला. मुलगी यंदा बारावीला आहे, हे त्यांनी नंतर दुसऱ्याच कुठल्या तरी संदर्भात सांगितलं.

पॅकेज जितकं मोठं तितकं चांगलं, असं वाटतं का तुम्हाला? मग हे सोपं गणित बघा. नॉर्मल रेंज ठरवतात ती साधारणपणे निरोगी माणसांतल्या ९५ टक्क्यांना सामावून घेईल अशी. म्हणजे ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जायची शक्यता पाच टक्के. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या, तर निदान एक तरी आकडा लाल यायची शक्यता ६४ टक्के होते. ऐंशी केल्या तर ९८! त्यात फंक्शनल मेडिसिनवाले 'ऑप्टिमल रेंज' म्हणून नॉर्मलच्या आतली आणखी अरुंद पट्टी वापरतात. मग लाल रंग दिवाळीतल्या कंदिलांसारखा सगळीकडे! सिस्टरांच्या कामाचा मोठा भाग असतो तो रात्री साडेदहाला येणाऱ्या 'सिस्टर, हे लाल का आहे???' या मेसेजेसना शांतपणे उत्तर देण्याचा.

तो खराखुरा लाल

पण कधीतरी एखादा लाल आकडा खराच असतो. तो हजार खोट्या लालांमधून उचलायचा कुणी?

गेल्या वर्षीची गोष्ट. चौतीस वर्षांची एक मुलगी, मार्केटिंगमध्ये. वर्षभर थकवा, जिना चढताना धाप, केस गळणं. सगळ्यात मोठं पॅकेज घेतलेलं. या पॅकेजची पद्धत अशी, की टेस्ट्स वेगवेगळ्या ठिकाणी जातात, रिपोर्ट येतील तसे येतात आणि बाराव्या दिवशी डॉक्टर सगळे एकत्र समजावून सांगतात. रक्त काढताना सिस्टरांना तिच्या नखांचा रंग आवडला नाही. पाळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, "जास्त जाते, पण आमच्याकडे सगळ्यांनाच तसं आहे. आईलाही होतं."

त्या संध्याकाळी, शनिवारी, ड्युटी संपल्यावरही सिस्टर थांबल्या. साडेसातला लॅबचा मेल आला. हिमोग्लोबिन ६.८. तो मेल क्लिनिकच्या ज्या इनबॉक्समध्ये पडला, तो सोमवारपर्यंत कुणी उघडणार नव्हतं. सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, आकडा सांगितला आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला. आयसीयूची सवय, ऐकणाऱ्याने उलट वाचून दाखवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मग त्या मुलीला फोन. पहिला प्रश्न आकड्याचा नव्हता. "आत्ता घरी सोबत कोण आहे तुझ्या?"

ती एकटीच होती, वाकडच्या फ्लॅटवर. सिस्टरांनी तिच्या मैत्रिणीचा नंबर घेतला आणि तासाभरात दोघी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचल्या. रात्री रक्त चढवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड दिसला, सगळं रक्त तिथूनच चाललेलं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं. त्या अख्ख्या पॅकेजमधली सगळ्यात स्वस्त टेस्ट होती ती, साधा सीबीसी.

मी त्या मुलीशी फोनवर बोलले. आता ठीक आहे, पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढते म्हणाली. उरलेल्या टेस्ट्सचं काय झालं, असं मी विचारलं तेव्हा ती खळखळून हसली. क्लिनिकने पैसे परत दिले नाहीत. क्रेडिट नोट दिली, सहा महिन्यांत वापरायच्या अटीवर. तिने ती आईच्या नावावर करून घेतली आणि मुदत संपायच्या आधी आईला सिस्टरांसमोर नेऊन बसवलं. डब्यांची पिशवी घेऊन.